शनिवारचा बिस्किटांचा खोका

माझी नोकरी खरेदी खात्यातली होती. समोरच्यानं सांगितलेला भाव खाली आणायचा, हे काम मी इंगोलश्टाटमध्ये बरीच वर्षं केलं आणि ते मला चांगलं जमायचं. आमची कंपनी मोटारींचे सुटे भाग करायची. त्यासाठी लागणाऱ्या क्लिपा, रबरी वायसर, पत्र्याचे छोटे तुकडे बाहेरून यायचे. ते विकायला येणारी जर्मन माणसं मला बघितल्यावर आधी पाण्याचा ग्लास जवळ ओढायची. मी आवाज चढवायचो, कागद मिटायचो, उठून उभा राहायचो. त्यातलं निम्मं ठरवून असायचं आणि निम्मं खरं. कुठलं कुठे संपतं हे मलाही नेहमी सांगता यायचं नाही.

माझे सासरे त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे आले. जूनमध्ये माझी सासू गेली होती. बायको तिकडे जाऊन दिवस करून आली आणि परतल्यावर पहिलं काम तिनं वडिलांच्या व्हिसाचं केलं. तीन महिने मिळाले. ते हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. मी काहीच म्हणत नसे. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी 'ऐकलंत का' आणि 'अहो, जरा' एवढ्यावर भागवत आलो होतो.

त्याला कारण होतं एक चहाचा कप.

मी डिप्लोमावाला. तोही दिवसा कारखान्यात फिटर म्हणून राबून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मिळवलेला. वडील वेल्डर, घर पिंपरीत दोन खोल्यांचं. मुलगी स्वतःच मला पसंत करून बसली म्हटल्यावर तिचे वडील एकदा घर बघायला आले. आमच्या कपांचे कान उडालेले होते, म्हणून आईनं शेजारून कपबश्या मागून आणल्या. चहात वेलची घातली, जायफळ उगाळून घातलं. अण्णा खुर्चीवर ताठ बसले, पंधरा मिनिटं बोलले, मला डिप्लोमाचे मार्क विचारले आणि उठले. चहा तसाच. त्यावर जाड साय धरली होती. आई ती कपबशी उचलून आत गेली आणि लवकर बाहेर आलीच नाही.

पुढे लग्न झालं. अण्णांनी रीतसर लावून दिलं, कशात कमी ठेवलं नाही. पण आई कितीतरी वर्षं काहीही संबंध नसताना मध्येच म्हणायची, "मला वाटतं त्या दिवशी साखर जास्त पडली असावी." ती गेली तेव्हाही तिच्या मनातून ती साखर गेली नव्हती. मी हे अण्णांना माफ केलं नव्हतं आणि करायचा विचारही नव्हता.

आणि आता तोच माणूस माझ्या टेबलाशी बसून जेवत नव्हता. रागानं नव्हे, त्यांना जेवण जातच नव्हतं. अर्धी पोळी, दोन चमचे वरणभात, आणि "पोट भरलं गं." पँटच्या पट्ट्याला त्यांनी आल्यावर आठवड्याभरात सुरीच्या टोकानं एक नवीन भोक पाडलं. बायकोनं सासूच्या पद्धतीची आमटी केली, थालीपीठ केलं, ताकाची कढी केली. ते प्रत्येकाला छान म्हणायचे आणि ताट बाजूला करायचे. कदाचित तिच्या पद्धतीचं होतं म्हणूनच ते गिळवत नसेल, हे आमच्या लक्षात आलं नाही.

एका सकाळी बायको मला बाल्कनीत घेऊन गेली आणि दार ओढून घेतलं. म्हणाली, "असेच परत गेले तर तिकडे एकटे किती दिवस काढतील? मला आईच्या वेळी पोचता आलं नाही. आता हेही मी लांबून बघायचं का? अरे, तू जगाकडून हवं ते काढून घेतोस. यांच्या पोटात चार घास घालून दाखव."

मी म्हटलं, बघतो. मनात म्हटलं, ज्यांनी आमच्याकडचा चहा घेतला नाही, त्यांना घास मी भरवायचा.

स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर एक आशिया-लाडन, म्हणजे आशियाई वाणसामानाचं दुकान होतं. कोथिंबीर, भेंडी आणि तूरडाळ मिळायची म्हणून आम्ही सगळे भारतीय तिथे जायचो. दुकान चालवणारी चिनी बाई पन्नाशीची, केस आखूड कापलेले, बोलायची कमी. दर शनिवारी ती मागच्या खोलीत बिस्किटं भाजायची आणि एका खोक्यात बारा अशी गल्ल्याजवळ रचून ठेवायची. मोठी, जवळजवळ तळहाताएवढी. रंग पिवळसर तपकिरी, वर अंड्याची चकाकी, मधोमध एक सोललेला बदाम दाबलेला, आणि बदामाभोवती वाळलेल्या गाळाला पडतात तशा भेगा. हातात कडक लागायची, पण दाताखाली आली की भुगा होऊन विरघळायची.

मी खोका आणला तो खरं तर बायकोसाठी. दुपारच्या चहाला तो टेबलावर होता. अण्णांनी एक उचललं, आधी नाकाजवळ नेलं आणि थांबले.

"ही तर आपल्या बेकरीतली," ते मुलीला म्हणाले. "तुझी आई मे महिन्यात करून आणायची ती."

मग ते बोलायला लागले. आल्यापासून एवढं बोललेले मी ऐकलं नव्हतं. परीक्षा संपल्या की सासू घरातून मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोडे असं सगळं डब्यांतून बेकरीत न्यायची. बेकरीवाला तिच्यासमोर मळायचा, नानकटाया पत्र्यावर मांडायचा आणि पत्र्यावर नावाची चिठ्ठी लावायचा. भट्टीपाशी बायकांची रांग. तूप आपलंच वापरलं ना, यावर प्रत्येकीची नजर. उकाड्यात डोळ्यांतून पाणी काढणारा एक वास यायचा. संध्याकाळी ती गरम डबा घेऊन यायची आणि अण्णा पेपर तपासत बसलेले असायचे त्या गठ्ठ्यावरच चार नानकटाया ठेवायची. एका पोराच्या विज्ञानाच्या पेपरावर तुपाचा गोल उमटला होता, तो तसाच बोर्डात गेला, असं म्हणून ते हसले. त्या दिवशी त्यांनी तीन बिस्किटं खाल्ली. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचा शनिवार कधी येतो असं झालं.

त्यानंतर दर शनिवारी खोका आला. पहिले दोन शनिवार ती बिस्किटं चहाच्या टेबलावर संपली. मग अण्णा म्हणाले, मी दोन-तीन रुमालात बांधून नेतो, चालताना भूक लागते. डोनाऊ नदीच्या काठानं ते रोज तासभर फिरायचे. खोका बुधवारपर्यंत रिकामा व्हायचा. बायको खूश होती. पट्टा मात्र अजून त्याच भोकावर होता, आणि मला वाटलं, म्हातारपणी खाल्लेलं अंगी लागायला वेळ लागतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी माती खाल्ली. त्या आठवड्यात कंपनीत एका पुरवठादारानं मला अंगठा दाखवला होता आणि मी धुमसतच दुकानात शिरलो. चिनी बाईनं खोका पुढे केला. मी झाकण उघडलं, बोटानं दाखवत म्हटलं, यातल्या पाचांना तडे गेलेत, हा दुय्यम माल आहे, मला पूर्ण भाव मान्य नाही. तिनं सांगायचा प्रयत्न केला की तडे हवेतच, तडे नसतील तर ते बिस्किट फसलं. मला ते माहीत होतं. पाच आठवडे मी ते तडेच तर घरी नेत होतो. पण तोंड सुटलं होतं. मी रेक्लामात्सिओन, म्हणजे खराब मालाची तक्रार, हा शब्द वापरला, आमच्याकडे असा माल आला तर अख्खी गाडी परत जाते असंही सांगितलं, तेही रांगेतल्या चार गिऱ्हाइकांसमोर.

तिनं खोका माझ्या हातातून काढून घेतला. मोडक्या जर्मनमध्ये शांतपणे म्हणाली, "तुम्ही मोटारी घ्या. बिस्किटं नका घेऊ." आणि माझ्यामागच्या माणसाकडे बघितलं.

मी घरी सांगितलं की दुकान सुट्टीसाठी बंद आहे, महिनाभर तरी. बायको हिरमुसली. अण्णा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "असू दे. इतकं काही नाही."

त्यांच्या 'असू दे'नं मी पेटलो. परत जाऊन माफी मागायची नाही हे ठरलेलंच होतं. मग राहिला एकच रस्ता, बिस्किटं घरी करायची. बिस्किटात असतं काय? मैदा, साखर, तूप. मी हातानं कानशीनं लोखंड घासून मिलिमीटरचा दहावा भाग काढलेला माणूस.

आधीच्या खोक्यात या वेळी एक बिस्किट उरलं होतं. मी ते टेबलावर ठेवलं, ऑफिसातून व्हर्निअर आणला होता त्यानं जाडी मोजली, वजन केलं, मधोमध कापून आतलं जाळं बघितलं. अण्णा दारात उभे राहून बघत होते.

पहिल्या खेपेला नानकटाई झाली. म्हणजे चांगली नानकटाई झाली, पण फुगीर, गुळगुळीत, बिनभेगांची. दुसऱ्या खेपेला तूप कमी करून लोणी घातलं तर सगळी पसरून एकमेकांना चिकटली आणि ट्रेवर एकच मोठा नकाशा तयार झाला. अण्णांनी त्या नकाशाचा एक कोपरा मोडून खाल्ला. उभ्यानं, ट्रेवरूनच. मग आणखी एक.

"फुगवायला काय घातलंत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बेकिंग पावडर.

"मग भेगा कशा पडतील? तिकडे बेकरीत तो डोळ्यांत जाणारा वास यायचा, तो अमोनियाचा. अमोनियम बायकार्बोनेट. भट्टीत गेलं की त्याचे वायू होतात, पाण्याची वाफ होते, मागे काही उरत नाही. सगळं एकदम बाहेर पडतं म्हणून वरचा पापुद्रा फाटतो." ते फळ्यापाशी उभे असल्यासारखे बोलत होते. बोलता बोलता त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. अकरा वर्षांत आमचं हे पहिलं सलग बोलणं.

पण जर्मनीत हे आणायचं कुठून? ऑफिसात आमच्या शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेली एक बव्हेरियन बाई होती. तिला विचारलं तर म्हणाली, आल्झो, त्यात काय, ते हिर्शहोर्नझाल्त्स, माझी आजी नाताळच्या लेबकुखनमध्ये, मसाल्याच्या बिस्किटांत घालायची, आता सगळीकडे आलं असेल. खरंच, सुपरमार्केटात नाताळच्या मसाल्यांच्या फळीवर छोट्या छोट्या पुड्या होत्या. मी दोन आणल्या. अण्णांनी चष्मा लावून नावाची फोड करायला सांगितली. मी केली. हरणाच्या शिंगाचं मीठ.

त्यांनी पुडी खाली ठेवली. अंडं त्यांनी काविळीनंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालवून घेतलं होतं. त्यापुढे एक पाऊलही नाही. मांसाचं भांडं ज्या ओट्यावर ठेवलं तिथलं पाणीही त्यांना चालत नसे. मी ऑफिसातल्या बाईला घरूनच फोन लावला. ती हसत म्हणाली, शिंगं जाळून काढायचे ते दोनशे वर्षांपूर्वी, आता कारखान्यात होतं. मी ते अण्णांना सांगितलं. त्यांनी पुडी पुन्हा हातात घेतली, वास घेतला, ठसका लागला आणि म्हणाले, "हेच ते."

तिसऱ्या खेपेला ओव्हनचं दार उघडलं आणि आम्ही तिघंही डोळे पुसत बाल्कनीत पळालो. वरच्या मजल्यावरची जर्मन बाई खाली येऊन गॅस गळतोय का विचारून गेली. वास जायला अर्धा तास लागला. पण भेगा पडल्या होत्या. अण्णा ट्रेकडे बघत राहिले. मग त्यांनी मुलीला हाक मारली, "तुझ्या आईला दाखवायला हवं होतं गं." बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी ट्रे उचलून उगाच दुसरीकडे ठेवला.

मधेच दिवाळी येऊन गेली. घरातलं माणूस गेलेलं, त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे कढई चढली नाही. चकली नाही, करंजी नाही, कंदील नाही. गावातली मराठी मंडळी रीतीप्रमाणे डबे देऊन गेली. अण्णांनी त्यातलं काही तोंडात घातलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तेच स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, "ती बिस्किटं काही फराळात मोडत नाहीत. आज करायची का?" आम्ही केली. त्यांनी बदाम भिजवून सोलले, मी मळलं. बायको दारात बसून आईबद्दल बोलत होती, रडत होती, मध्येच हसत होती. आम्ही दोघं पाठमोरे काम करत राहिलो. त्या रात्री अण्णांनी खिचडी मागून घेतली.

सगळं बरं चाललं होतं, पण मला ते पुरेना. भेगा आल्या तरी ते दाताखाली विरघळणं येत नव्हतं. आमची बिस्किटं तुपाची होती, चांगली होती, पण ती नव्हती. मी म्हणायचो, चरबीत काहीतरी फरक आहे. अण्णा म्हणायचे, तूपच बरं, उत्तम लागतंय. मी म्हटलं, त्या बाईला विचारून येतो, दुकान आता उघडलं असेल. ते म्हणाले, "कशाला उगाच जाता? काही गरज नाही." हे त्यांनी दोनदा म्हटलं. मी ते माझ्या बिस्किटांचं कौतुक समजलो.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी मी गेलो. आमच्या बिस्किटांचा एक डबा सोबत नेला. माफी मागणं मला येत नाही, पण देवाणघेवाण येते. गिऱ्हाईक नाही असं बघून डबा तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, भेगा तुमच्यासारख्या आल्यात, त्या दिवशी मी मूर्खासारखं बोललो, आता एवढं सांगा की तूप कुठलं घालता.

तिनं एक उचललं, उलटं करून तळ बघितला, कडेनं कुरतडलं. बराच वेळ चावलं. मग मागच्या खोलीत गेली आणि एक पांढरी वडी घेऊन आली. कागदावर गुलाबी डुकराचं चित्र. श्वाइनेश्माल्त्स. डुकराची चरबी. माझा चेहरा बघून ती आतल्या नवऱ्याला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसली. मला वाटलं, माझ्यावर सूड उगवला.

गाडीत बसलो, पण किल्ली फिरवली नाही. बिस्किटात काय असणार, मैदा, साखर, तूप, असं आपलं कुठलंही माणूस म्हणतं तसं मी म्हटलं होतं, आणि पाच आठवडे ह्या माणसाला डुक्कर खायला घातलं होतं. आधी घाम फुटला. मग, खोटं कशाला सांगू, दुसरंच काहीतरी मनात आलं. ज्यानं माझ्या आईचा चहा नाकारला, त्याच्या पोटात माझ्या हातून हे गेलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. घरी येईपर्यंत मी ते वाक्य तीन-चार प्रकारे म्हणून बघितलं. सिग्नलला तर मोठ्यानं म्हटलं.

दार उघडलं तर अण्णा बायकोचा एप्रन बांधून ओट्यापाशी उभे होते. बदाम सोलून, कोरडे करून रुमालावर ओळीत मांडले होते. ताटलीत दुपारची पोळी-भाजी खाऊन उरलेला फक्त लिंबाचा तुकडा होता. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"सांगितलं का तिनं?"

"हो," मी म्हटलं. "वनस्पतीचीच चरबी असते. नारळाचं घट्ट तेल वगैरे."

ते म्हणाले, "बरं."

जर्मन लोक तळायला नारळाच्या तेलाची वडी वापरतात ती मी सोमवारी आणली. अर्धं ते आणि अर्धं तूप घातल्यावर बिस्किट विरघळायला लागलं. अगदी तसं नाही, पण जवळ. अण्णांनी चार खाल्ली आणि पट्टा एक भोक बाहेर घेतला. बायकोनं ते बघितलं, आणि त्या दिवशी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

त्यांच्या जाण्याच्या आदल्या रविवारी ते मला म्हणाले, "चला, जरा नदीवर जाऊन येऊ." मला एकट्याला. बाहेर हाडं गोठवणारा गारठा होता. आम्ही पुलाखालून काठाला उतरलो आणि पायऱ्यांपाशी पोचतो न पोचतो तोच पलीकडच्या काठावरची सगळी बदकं पाण्यातून सरळ आमच्याकडे निघाली. वीस-पंचवीस तरी. काही तर पायऱ्या चढून अण्णांच्या बुटांपाशी आली. कुत्रं घेऊन जाणारी एक म्हातारी थांबली आणि बदकांना खायला घालणं मना आहे, असं करड्या आवाजात म्हणाली. अण्णांनी टोपी उचलून "गुटेन टाग" म्हटलं.

"रोज सांगते," ते मला म्हणाले. "मला कळत नाही असं मी दाखवतो."

"ही तुम्हाला ओळखतात?"

"बदाम टाकतात मेली. बाकी सगळं खातात." त्यांनी कोटाचे रिकामे खिसे बाहेर काढून बदकांना दाखवले.

मला उमगायला थोडा वेळ लागला. ते पाण्याकडे बघत सांगत होते. दोन शनिवारांनंतर त्यांना वाटलं, जावई दर वेळी वाट वाकडी करून आणतो, आपणच चालत जाऊन आणावा खोका. दुकानात त्यांनी सहज इंग्रजीत विचारलं, हे शाकाहारी आहे ना. बाईनं डुकराचं चित्र दाखवलं.

"आधीचे दोन खोके गेले ते गेले. त्याचं काय करायचं ते माझं मी बघीन," ते म्हणाले. "हिला कळू देऊ नका. उगाच जिवाला लावून घेईल."

मी म्हटलं, मलाही कळलं होतं, गेल्या पंधरवड्यात.

"ठाऊक आहे. नारळाचं तेल म्हणालात तेव्हा तुमचे कान लाल झाले होते. तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्यात मी. आणि दुकान काही बंद नव्हतं. रोज त्यावरून जात होतो."

"मग मला का नाही सांगितलंत? तेव्हाच? नको म्हटलं असतंत तर मी आणलीच नसती."

त्यांनी खिसे आत सारले. बदकं अजून हटली नव्हती.

"एकदा तुमच्या घरचं नको म्हटलं होतं," ते म्हणाले. "पुन्हा म्हणवेना."

मी कितीतरी वर्षं या घडीसाठी शब्द घासून ठेवले होते. जे बाहेर पडलं ते एवढंच, "आई शेवटपर्यंत म्हणायची, साखर जास्त पडली असेल."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी चाखलाच नव्हता, साखरेचं काय कळणार," ते म्हणाले. "नाही म्हणायचं ठरवूनच आलो होतो त्या दिवशी. त्या माउलीचा चहा घेतला असता तर तोंडावर नाही म्हणता आलं नसतं. आणि घरी गेल्यावर हिची आई मला म्हणाली, निदान घोटभर तरी घ्यायचा होतात. मरेपर्यंत म्हणत होती."

म्हणजे दोन्ही घरांतल्या बायका त्या एका कपाबद्दल आयुष्यभर बोलत राहिल्या होत्या. आणि आम्ही दोघं बाप्ये गप्प.

"चला, अण्णा," मी म्हटलं. "गारठलात तुम्ही."

घरी आलो तेव्हा बायको बॅगा भरत होती. वाटेत खायला म्हणून एका पत्र्याच्या डब्यात आमची बिस्किटं तिनं आधीच कोंबली होती आणि सामानाचं वजन वाढलं म्हणून कुरकुरत होती. मी चहा टाकला. वेलची होती. जायफळ शोधावं लागलं, ते नाताळच्या मसाल्यांच्या पुड्यांमागे सापडलं. साखर घालताना हात थांबला, मग नेहमीइतकीच घातली. कप अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि शेजारी ताटलीत दोन बिस्किटं ठेवून मी समोर बसलो.

चहा उकळता होता. त्यांनी थांबायला हवं होतं. पण साय धरायच्या आत त्यांनी कप उचलला, तोंड भाजलं तरी खाली ठेवला नाही, आणि पूर्ण संपवला.